कुमारवयातील पितृत्व : मोहनदास गांधी यांच्या आत्मकथेच्या आधारे एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील बालविवाहाचा इतिहास प्रामुख्याने मुलींच्या संदर्भात लिहिला गेला आहे आणि ते योग्यही आहे. अकाली मातृत्व, बाळंतपणातील मृत्यू, बालवैधव्य आणि शिक्षणापासून वंचितता हे सारे मुलींच्याच वाट्याला आले. परंतु प्रत्येक बालविवाहात एक वरही असे. पुष्कळदा तोही शाळकरी मुलगाच असे आणि काही वेळा मिसरूड फुटण्याच्या वयात तो बाप होत असे. या मुलाने आपल्या पितृत्वाला कसे तोंड दिले, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे. याचे एक कारण साधनांचा अभाव हे होय. अशा मुलांनी आपल्या अनुभवाविषयी फारसे लिहून ठेवलेले नाही.

मोहनदास करमचंद गांधी यांची आत्मकथा या बाबतीत महत्त्वाचा अपवाद ठरते. त्यांचा विवाह वयाच्या १३ व्या वर्षी झाला, १६ व्या वर्षी त्यांचे पहिले अपत्य जन्मले आणि दगावले, तर १८ व्या वर्षी ते हरिलाल यांचे पिता झाले. ही आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात गुजराती 'नवजीवन'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे वर्णिलेल्या घटना आणि लेखन यांत सुमारे चार दशकांचे अंतर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आपल्या कुमारवयाचा मांडलेला तो हिशेब आहे, हे ध्यानात ठेवूनच या साधनाचा उपयोग केला पाहिजे. प्रस्तुत लेखात या आत्मकथेच्या आधारे कुमारवयीन पित्याचे कुटुंबातील स्थान, त्याने अवलंबिलेले मार्ग आणि त्यांचे दूरगामी परिणाम यांचा विचार केला आहे.

सुधारणेच्या वादातील मुलगा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतात विवाहवयाचा वाद तीव्र झाला. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रखमाबाईंविरुद्धचा दावा मुंबईच्या उच्च न्यायालयात दाखल झाला आणि पुढील चार वर्षे तो गाजत राहिला. पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले. या कायद्यात पुरुषाच्या वयाचा विचार नव्हता.

या वादात मुलगा अगदीच अनुपस्थित होता असे नाही. विवाहित विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची दारे कालांतराने बंद करावीत, अशा आशयाची सूचना मलबारींनी केली होती. शाळकरी वयात संसाराचा भार पडल्याने अभ्यास खुंटतो, प्रकृती खालावते आणि संतती दुबळी निपजते, हे युक्तिवाद त्या काळच्या सुधारकी लेखनात वारंवार येतात. मात्र त्यांतील मुलगा हा 'विद्यार्थी' किंवा 'भावी नागरिक' असतो. तो 'पिता' म्हणून क्वचितच येतो. जन्मलेल्या मुलाशी त्याचे नाते काय असावे, याची चर्चा सुधारकांनीही केली नाही आणि सनातन्यांनीही केली नाही.

सनातन पक्षाच्या दृष्टीने तर हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुत्रोत्पत्ती हे पितृऋण फेडण्याचे साधन होते आणि ते ऋण कुलाचे होते. मुलाने कुलाला वंशज दिला की त्याचे कर्तव्य पार पडले. त्या वंशजाचे संगोपन हे घराचे काम होते. तथापि शास्त्रातील आश्रमव्यवस्था आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत येथे उघड विसंगती होती. ब्रह्मचर्याश्रम संपवून गृहस्थाश्रमात प्रवेश करावा, हा शास्त्राचा क्रम होता. शाळेत जाणारा विवाहित मुलगा मात्र दोन्ही आश्रमांत एकाच वेळी वावरत होता. विद्याभ्यास आणि विवाह यांची अशी सांगड आपल्याच हिंदू समाजात घातली जाते, असे निरीक्षण गांधींनीही नोंदविले आहे.

वधूवरांच्या वयातील अंतराचा प्रश्न

बालविवाह झाला म्हणजे कुमारवयात पितृत्व आलेच, असे नव्हे. महाराष्ट्रातील काही परिचित उदाहरणांवरून हे स्पष्ट होते. धोंडो केशव कर्वे यांचा विवाह ते सुमारे १५ वर्षांचे असताना झाला, परंतु त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचा जन्म १८८२ मध्ये, म्हणजे कर्वे २३ वर्षांचे असताना झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विवाहही सुमारे १५ व्या वर्षीच झाला. रमाबाई तेव्हा ९ वर्षांच्या आसपास होत्या. त्यांचे पुत्र यशवंत यांचा जन्म डिसेंबर १९१२ मधील आहे आणि त्या वेळी बाबासाहेबांनी २१ वर्षे पूर्ण केली होती.

या उदाहरणांत वधू वरापेक्षा बरीच लहान होती. ती वयात येऊन सासरी नांदू लागेपर्यंत मुलाची विशी उजाडत असे. म्हणजे मुलीचे विवाहवय अत्यंत कमी असल्यामुळे मुलाला मात्र पितृत्वापूर्वी काही वर्षांची सवड मिळत असे. तिचे बालपण खर्ची पडून त्याचे कुमारवय वाचत असे, हे या व्यवस्थेतील कटू सत्य होय.

गांधींच्या बाबतीत ही सवड नव्हती. कस्तुरबांचा जन्म एप्रिल १८६९ मधील आणि मोहनदास यांचा त्याच वर्षी २ ऑक्टोबरचा. वधूवर जवळजवळ एकाच वयाचे असल्याने विवाहानंतर तीन वर्षांच्या आतच दोघांवर मातापित्याची भूमिका येऊन पडली. यावरून एक गोष्ट लक्षात येते. मुलाच्या पितृत्वाचे वय ठरविताना त्याच्या स्वतःच्या विवाहवयाइतकेच वधूचे वयही निर्णायक असते. केवळ विवाहवयाच्या आकड्यांवरून पितृत्वाच्या वयाचे अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

राजकोटचे घर : पतीचा अधिकार, पित्याचा अभाव

मोहनदास यांचा विवाह हा सर्वस्वी घरातील वडीलधाऱ्यांचा निर्णय होता. खर्च वाचावा म्हणून त्यांचे, त्यांचे बंधू करसनदास यांचे आणि एका चुलतभावाचे अशी तीन लग्ने एकत्र उरकण्यात आली. लग्नामुळे मोहनदास यांचे शाळेतील एक वर्ष वाया गेले. करसनदास यांचे तर शिक्षणच सुटले. नवे कपडे, वाजतगाजत निघालेली वरात आणि खेळायला मिळालेली एक सोबतीण याखेरीज त्या वेळी विवाहाचा दुसरा अर्थ आपल्याला उमगला नव्हता, असा गांधींचा कबुलीजबाब आहे.

पतिपणाचा अधिकार मात्र त्यांनी तत्काळ आत्मसात केला. दांपत्यजीवनावरील स्वस्त चोपड्या वाचून एकपत्नीव्रताचा आदर्श त्यांनी स्वीकारला आणि त्यातूनच पत्नीवर पहारा ठेवण्याची वृत्ती बळावली. तिने विचारल्याशिवाय कोठे जाऊ नये, असा त्यांचा हट्ट असे आणि कस्तुरबा तो जुमानत नसत. पत्नीला शिकविण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. वडीलधाऱ्यांच्या देखत पत्नीशी बोलणे अशक्य असल्याने शिकवायला दिवसा सवडच मिळत नसे.

मर्यादेचा हा संकेत पितृत्वालाही लागू होता. आईवडिलांच्या समक्ष स्वतःच्या मुलाला उचलून घेणे, त्याचे कोडकौतुक करणे हे एकत्र कुटुंबात अनुचित समजले जाई. महाराष्ट्रातील जुन्या घरांनाही हा संकेत अपरिचित नाही. मूल आजीआजोबांच्या मांडीवर वाढे आणि त्याचे नाव, औषधपाणी, पुढील शिक्षण यांचे निर्णय कर्ता पुरुष घेई. कुमारवयीन मुलगा जन्मदाता ठरे, परंतु घरातील पित्याची जागा त्याच्या स्वतःच्या वडिलांकडेच राही.

या व्यवस्थेचे दोन्ही परिणाम विचारात घेतले पाहिजेत. अपरिपक्व मुलावर कुटुंब चालविण्याचा भार पडत नसे, त्याला शाळा सोडावीच लागेल असे नसे आणि नवजात मूल निराधार होत नसे. या अर्थाने एकत्र कुटुंब हे कुमारवयीन पित्याचे सर्वांत मोठे संरक्षक कवच होते. त्याच वेळी पिता होण्याचे शिक्षण घेण्याची संधी हे कवच त्याला नाकारत असे. गांधींच्या उदाहरणात ही दुसरी बाजू पुढे ठळकपणे दिसून येते.

१८८५ : दोन मृत्यू

नोव्हेंबर १८८५ मध्ये करमचंद गांधी यांचे राजकोट येथे निधन झाले. आजारी वडिलांचे पाय चेपण्याचे काम मोहनदास रोज रात्री नेमाने करीत. अखेरच्या रात्री काकांनी त्यांना विश्रांतीसाठी मोकळे केले आणि ते गर्भवती पत्नीच्या खोलीत गेले. थोड्याच वेळात नोकराने दार ठोठावून वडील गेल्याची वार्ता दिली. त्या क्षणी वडिलांजवळ नसल्याची बोच गांधींना आयुष्यभर राहिली. त्यानंतर कस्तुरबांना झालेले बाळ तीनचार दिवसच जगले. या दोन्ही घटनांना गांधींनी एकाच प्रकरणात स्थान दिले असून त्यांतून स्वतःवरील दुहेरी लांच्छनाची कल्पना मांडली आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने या प्रकरणाची रचना विशेष बोलकी आहे. वडिलांचे आजारपण, सेवा आणि मृत्यू यांचे वर्णन विस्ताराने येते. बाळाच्या वाट्याला मात्र अगदी मोजके शब्द आले आहेत. ते बाळ मुलगा होता की मुलगी, हेही वाचकाला कळत नाही. ज्या सोळा वर्षांच्या मातेने ते गमावले, तिच्या दुःखाचा उल्लेख नाही. सोळा वर्षांच्या मोहनदासची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी यातून प्रकट होते. त्याची व्यथा ही पुत्राची व्यथा आहे. पितृत्वाची जाणीव व्यक्त करण्यासाठी लागणारी भाषा त्याला अजून मिळालेली नाही. बाळाचा मृत्यू त्याला कळतो तो स्वतःच्या विषयासक्तीची शिक्षा म्हणून.

कुमारवयीन पित्याच्या प्रतिसादाचा पहिला प्रकार येथे दिसतो. अपत्याविषयीचा शोक अपराधभावात विलीन होतो. चाळीस वर्षांनंतर लिहितानाही गांधींनी ही मांडणी बदललेली नाही आणि तिच्यावर त्यांच्या उत्तरकालीन ब्रह्मचर्यविचाराची छाया आहे, हे उघड आहे. मात्र शब्दांची ही काटकसर केवळ उत्तरकालीन विचारांनी स्पष्ट होत नाही. त्या घरात, त्या वयात, त्या बाळाचा 'पिता' म्हणून शोक करण्याची रीतच नव्हती.

विलायत : पितृत्वाचे गोपन

१८८७ मध्ये मोहनदास मॅट्रिक झाले. भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात त्यांचे मन रमले नाही. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांच्या सल्ल्यावरून बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस जाण्याचा बेत ठरला. याच वर्षी, १८८८ मध्ये, हरिलाल यांचा जन्म झाला आणि तान्हे मूल मागे ठेवून ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास मुंबईहून बोटीने निघाले. प्रस्थानापूर्वीच्या अडचणींचे वर्णन आत्मकथेत तपशिलाने येते. मातोश्री पुतळीबाईंची संमती, मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याच्या प्रतिज्ञा, मोढ वणिक ज्ञातीचा विरोध व बहिष्कार, पैशाची तजवीज हे सारे त्यात आहे. तान्ह्या मुलाचे पितृत्व मात्र त्या अडचणींत कोठेही गणले गेलेले नाही. वडिलांच्या पश्चात ज्येष्ठ बंधू लक्ष्मीदास कर्ते झाले होते. मोहनदास यांच्या शिक्षणाचा खर्च त्यांनी उचलला आणि कस्तुरबा व हरिलाल त्यांच्याच छत्राखाली राहिले.

लंडनमध्ये परिस्थिती पालटली. तेथे विद्यार्थी अविवाहितच असत. त्यामुळे भारतीय तरुणांना आपण विवाहित असल्याचे सांगण्याची लाज वाटे आणि पुष्कळजण स्वतःला अविवाहित म्हणवीत. मोहनदासही त्याच मार्गाने गेले. पुढे ब्रायटन येथे ओळख झालेल्या एका वृद्ध बाईंनी त्यांना आपल्या घरी बोलाविण्यास व तरुण मुलींशी परिचय करून देण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांची कुचंबणा झाली. अखेर आपण विवाहित असून एका मुलाचे पिता आहोत, हे त्यांनी बाईंना पत्राने कळविले. बाईंनी ते खेळकरपणे घेतले आणि स्नेह टिकला.

हा प्रसंग सामान्यतः गांधींच्या सत्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. राजकोटमध्ये त्यांचे पितृत्व इतके स्वाभाविक होते की त्याचा उच्चार करण्याची गरज नव्हती. लंडनमध्ये ते इतके विचित्र होते की उच्चार करण्याचे धैर्य नव्हते. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच झाला आणि मुलगा नजरेआड राहिला. मात्र आपण पिता आहोत हे दुसऱ्या व्यक्तीला स्वतःहून सांगण्याचा आत्मकथेत नोंदलेला पहिला प्रसंगही हाच आहे. कुटुंबाच्या कवचाबाहेर पडल्यावरच ही ओळख शब्दांत मांडावी लागली.

भरपाईचा प्रयत्न आणि हरिलाल

१८९१ मध्ये गांधी परतले तेव्हा हरिलाल सुमारे तीन वर्षांचे झाले होते. घरातील मुलांना व्यायाम शिकवावा, त्यांना काटक बनवावे अशी हौस गांधींना होती. परंतु हा सहवासही अल्पकाळच टिकला. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेस गेले आणि १८९६ च्या अखेरीस कुटुंबाला घेऊन तिकडे निघाले, तेव्हा हरिलाल आठ वर्षांचे होते. या पहिल्या आठ वर्षांपैकी जेमतेम दोनच वर्षे पितापुत्र एका घरात राहिले असावेत.

धाकट्या मुलांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. १८९७ मध्ये रामदास आणि १९०० मध्ये देवदास यांचा जन्म झाला. गांधींनी 'माने शिखामण' हे मातांसाठीचे गुजराती पुस्तक अभ्यासून या दोघांच्या संगोपनात स्वतः भाग घेतला. देवदास यांच्या जन्माच्या वेळी वैद्यकीय मदत वेळेवर न मिळाल्याने बाळंतपणही त्यांनीच केले. ज्याला सोळाव्या वर्षी बाळाच्या मृत्यूविषयी चार शब्द सुचले नव्हते, तोच मनुष्य तिसाव्या वर्षी बाळाला स्वतः न्हाऊमाखू घालीत होता. वय, स्वतंत्र घर आणि संगोपनाचे ज्ञान या तीन गोष्टींचा फरक येथे स्पष्ट दिसतो.

हरिलाल यांना या परिपक्व पितृत्वाचा लाभ फार उशिरा आणि निराळ्या स्वरूपात झाला. १९०६ मध्ये पित्याच्या इच्छेविरुद्ध त्यांनी विवाह केला आणि १९०८ मध्ये कन्या रामी हिचा जन्म झाला. म्हणजे तेही विशीच्या उंबरठ्यावरच पिता झाले. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला, परंतु शिक्षणाच्या प्रश्नावरून १९११ मध्ये ते पित्यापासून दुरावले. पत्नी गुलाब यांचे १९१८ च्या साथीत निधन झाले. पुढे व्यसनाधीनता, १९३६ मधील धर्मांतर व पुनरागमन अशा वळणांनंतर १८ जून १९४८ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. मराठी रंगभूमीवर अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकाने या नात्याची ओळख मराठी प्रेक्षकांना करून दिली आहे.

या दुराव्याची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व कुमारवयीन पितृत्वात शोधणे अनैतिहासिक ठरेल. तथापि गांधींनी स्वतः केलेली मीमांसा येथे विचारात घेणे आवश्यक आहे. ज्येष्ठ पुत्रातील दोष हे आपल्या असंयमित, अपरिपक्व पूर्वायुष्याचे प्रतिध्वनी होत, असे त्यांनी लिहिले आहे. मुलाचे संस्कारक्षम वय आणि पित्याचा अर्धवट ज्ञानाचा काळ एकच होता, हे त्यांचे निदान आहे. त्याचबरोबर त्या काळाकडे पाहण्याची हरिलाल यांची दृष्टी नेमकी उलट आहे, ही नोंदही ते प्रामाणिकपणे करतात. पित्याला जो काळ विषयासक्तीचा व अज्ञानाचा वाटला, तोच पुत्राला पित्याच्या आयुष्यातील सर्वांत उज्ज्वल काळ वाटे. अठराएकोणीस वर्षांचेच अंतर असलेले पितापुत्र एकाच वेळी वाढत होते आणि पित्याने स्वतःला घडविताना केलेला प्रत्येक बदल पुत्राच्या आयुष्यावर येऊन आदळत होता.

कायद्याच्या दृष्टीतून मुलगा

मुलाचे किमान विवाहवय प्रथमच देशव्यापी कायद्याने निश्चित झाले ते १९२९ च्या शारदा कायद्याने. १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या या कायद्यात मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ वर्षांची मर्यादा होती. १९७८ च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे १८ आणि २१ झाली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यातील एक तरतूद प्रस्तुत संदर्भात लक्षणीय आहे. विवाह रद्द ठरल्यास पत्नीच्या निर्वाहाची जबाबदारी पतीवर येते, परंतु पती अज्ञान असल्यास ती त्याच्या आईवडिलांवर किंवा पालकावर टाकता येते. अपत्याच्या निर्वाहाचा आदेशही विवाहातील पक्षाला किंवा त्याच्या पालकांना देता येतो. एकत्र कुटुंबातील जुनी व्यवस्थाच येथे कायद्याच्या भाषेत अवतरली आहे. मुलगा जन्मदाता असला तरी दायित्व आजोबांचे राहते.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २५ ते २९ वयोगटातील १७.७ टक्के पुरुषांचा विवाह वयाची २१ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. याच पाहणीत १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली माता झालेल्या वा गर्भवती आढळल्या. त्याच वयातील पित्यांची संख्या सांगणारा निर्देशक मात्र या पाहणीच्या प्रमुख निर्देशकांत नाही. मुलाची गणना पती म्हणून होते, पिता म्हणून होत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. कुमारवयीन पितृत्व हे केवळ मुलाच्या विवाहवयावर अवलंबून नव्हते, वधूवरांच्या वयातील अंतर हा त्यातील निर्णायक घटक होता. एकत्र कुटुंबाने अशा मुलाचे व त्याच्या अपत्याचे रक्षण केले, परंतु पितृत्व त्याच्याकडून काढूनही घेतले. गांधींच्या उदाहरणात या परिस्थितीला दिलेले तीन प्रतिसाद आढळतात : शोकाचे अपराधभावात रूपांतर, शिक्षणाच्या निमित्ताने दुरावा व गोपन, आणि पुढील अपत्यांच्या संगोपनातून केलेली भरपाई. यांपैकी तिसरा मार्ग फलदायी ठरला, पण ज्याच्या बाबतीत उणीव राहिली होती त्या ज्येष्ठ पुत्रापर्यंत तो पोहोचला नाही.

गांधी हे सर्वसामान्य उदाहरण नव्हे. त्यांच्यापाशी संपन्न घर होते, पाठीशी उभा राहणारा भाऊ होता आणि पुढे स्वतःला तपासण्याची विलक्षण शक्तीही आली. हे सारे असूनही जे भरून निघाले नाही, ते ज्यांच्यापाशी यांतील काहीच नव्हते अशा मुलांच्या बाबतीत किती खोल असेल, याचा शोध अद्याप घ्यायचा आहे. जातपंचायतींचे निवाडे, शाळांची हजेरीपत्रके, कौटुंबिक पत्रव्यवहार आणि मौखिक साधने यांच्या आधारे तो घेता येईल. बालविवाहाच्या इतिहासात मुलीच्या दुःखाचे स्थान जराही कमी न करता तिच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या शाळकरी मुलाची नोंद घेणे, हे या क्षेत्रातील अभ्यासकांपुढील कार्य आहे.